सांध्यातली जागा

मावळात लाकूड कधीच पुरतं वाळत नाही. फेब्रुवारीत ते हलकं व्हायला लागतं, मे महिन्यात टिचकी मारली तर खणखणीत वाजतं, आता कामाला घ्यावं असं वाटतं, आणि तेवढ्यात मृग लागतो. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. वीस-बावीस किलोमीटर पूर्वेला वडगावला त्याच्या निम्माही नसतो. माझी शेड या दोन्हींच्या मध्ये, कामशेतहून पवनेच्या धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे हवेतच इतकं पाणी असतं, की ताडपत्रीखाली झाकलेला सागाचा ओंडकासुद्धा ते पितो. घराघरांतली दारं पावसाळ्यात ज्या कारणाने चौकटीत अडकतात, त्याच कारणाने माझी शिल्पं पावसाळ्यात रुंद होतात. लांबीत काही फरक जाणवत नाही. पण फूटभर रुंदीची सागाची फळी आडव्या अंगाने चार-पाच मिलिमीटर सहज वाढते.

लोखंडाचं उलट. दमट हवेने ते गंजतं, पण फुगत नाही. ते वाढतं उन्हात. मीटरभर लांबीची पट्टी पहाटेपासून दुपारपर्यंत तीसेक अंशांनी तापली तर मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी लांबते. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी लोखंड सर्वांत मोठं असतं आणि लाकूड सर्वांत लहान. ऑगस्टात लाकूड तट्ट फुगलेलं असतं आणि लोखंड आखडलेलं. या दोघांना एकत्र बांधायचं आणि ते टिकावं अशी आशा धरायची, हे माझं काम. वीस वर्षांहून जास्त काळ मी ते करते आहे. शिल्प बघायला येणारे आकार बघतात. मी कुणाचंही काम बघायला गेले की आधी वाकून सांधा बघते.

शिक्षणात हे नव्हतं. आम्ही मातीत शिकलो. आतला लोखंडी सांगाडा, वर शाडूची माती, मग प्लास्टरचा साचा, आणि पुढचं ओतकाम ओताऱ्याकडे. माती समजूतदार असते. चुकलं की परत लावता येतं. आपल्याकडची शिल्पकलेची मोठी परंपरा त्याच वाटेने आली. गणपतराव म्हात्रे यांनी जे. जे. स्कूलमध्ये असताना ‘मंदिरपथगामिनी’ घडवली ती 1896 साली, आणि तेव्हापासून माणसाचा देह आणि माणसाचा चेहरा हाच आपल्या शिल्पकाराचा अभ्यास राहिला. मीही काही वर्षं पुतळ्यांच्या कारखान्यात काढली. फेट्याच्या घड्या, कोटाच्या गुंड्या, हाताच्या शिरा. हात तिथेच तयार झाला आणि त्या वर्षांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण ओतून आलेलं ब्राँझ बाहेरून मातीसारखंच दिसायचं. धातूला स्वतःचं काही बोलायला वावच नव्हता, याची मला रुखरुख लागायची.

मावळात आले ती भाडं परवडत होतं म्हणून, आणि शहरात ग्राइंडरचा आवाज कुणी सोसत नाही म्हणून. इथे मला गुरू भेटले ते गावातले एक म्हातारे सुतार. नांगर, कुळव, बैलगाड्या, घरांची आढी आणि वासे, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. सगळं गाव त्यांना मामा म्हणायचं, मीही म्हणायला लागले. माझ्या शेडमध्ये एक काम उभं होतं: शिवणीचा उभा ओंडका आणि त्याला चारी बाजूंनी आवळणाऱ्या लोखंडी पट्ट्या. मामांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली, पट्टीखाली नख घालून पाहिलं आणि म्हणाले, “ताई, तुमी त्याला पार कोंडलंय. मंग ते काय करनार? फुटनारच.”

मग त्यांनी मला त्यांच्या परसात नेलं. तिथे भिंतीला टेकवून एक जुनं चाक ठेवलेलं होतं. बाभळीचा तुंबा, त्यातून निघालेले आरे, बाहेरचा लाकडी घेर आणि त्यावर लोखंडी धाव. ही धाव चाकापेक्षा जराशी लहानच करतात. गोवऱ्यांचा जाळ करून तिला लाल होईपर्यंत तापवायचं. बारा फूट घेराची धाव तेवढ्या उष्णतेने जवळजवळ इंचभर वाढते. मग तिघाचौघांनी सांडशीने उचलून ती चाकावर टाकायची, घणाने बसवायची आणि लाकडाने पेट घ्यायच्या आत पाणी ओतायचं. धाव आखडते आणि प्रत्येक आरा आपापल्या भोकात घट्ट जाऊन बसतो. एकही खिळा लागत नाही. मी विचारलं, मग इथे लाकूड कोंडलं नाही का? मामांनी आऱ्यावरून बोट फिरवलं, तुंब्यापासून घेरापर्यंत. लाकडाच्या रेषा त्याच दिशेने धावत होत्या. ज्या दिशेने लाकूड हलत नाही, त्याच दिशेने लोखंडाने त्याला दाबलेलं होतं. तरीही उन्हाळ्यात चाक ढिलं व्हायचंच. तेव्हा गाडीवान ते रात्रभर ओढ्यात घालून ठेवायचे आणि सकाळी ते पुन्हा घट्ट झालेलं असायचं.

त्या परसात मी जे शिकले त्यावर माझं पुढचं सगळं काम उभं आहे. लोखंडाने लाकडाला रेषेच्या दिशेने धरावं आणि आडव्या अंगाने मोकळं सोडावं. बोल्टचं मधलं भोक गोल, बाकीची लांबट, म्हणजे लाकूड त्यातून सरकू शकतं. लाकूड आणि लोखंड यांच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट, म्हणजे हवा खेळते आणि पाणी साचत नाही. सुरुवातीला प्रदर्शनांमध्ये ही फट बघून ‘फिनिशिंग राहिलंय’ असं लोक म्हणायचे. हळूहळू मी ती लपवायचं सोडलं, मग वाढवली, आणि पुढे काही शिल्पं अशी झाली की त्यांत बघण्यासारखी मुख्य गोष्ट तीच होती. ऋतूप्रमाणे ती बदलते. मे महिन्यात तिच्यातून पलीकडचा उजेड दिसतो, श्रावणात कागदही जात नाही.

लोखंडाची बाजू मला शेजारच्या गावातल्या लोहारदादांनी शिकवली. लाकूड कोरायच्या माझ्या बहुतेक पटाश्या त्यांनी ट्रकच्या जुन्या पाट्यांच्या पोलादातून केलेल्या आहेत. हत्याराला पाणी द्यायचं काम ते कधीच भर उन्हात करत नाहीत. घासून चकचकीत केलेल्या पोलादावर तापताना जो रंग चढतो, आधी वाळक्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा, तो उन्हात दिसत नाही. पटाशीला गवती पिवळ्यावर थांबायचं. निळ्यावर गेली तर धार वळते, आणि पिवळाही यायच्या आत थांबलं तर टवका उडतो. हे पुस्तकात तापमानाच्या आकड्यांनिशी लिहिलेलं असतं. पण कडेवरून टोकाकडे धावणारा तो रंग डोळ्यांनी पकडायला मला कित्येक संध्याकाळी त्यांच्या भात्यापाशी बसावं लागलं.

लाकूड आणि लोखंड यांच्यात आणखी एक नातं आहे आणि ते मला मावळच्या पावसाने दाखवलं. बाभूळ, खैर यांसारख्या लाकडांत टॅनिन खूप. ओल्या लाकडात लोखंडाचा खिळा राहिला की त्याच्याभोवती निळसर काळा डाग पसरतो आणि तो रंध्याने काढला तरी आत खोल राहतो. सुतारांना हा डाग नको असतो, म्हणून चांगल्या कामाला ते पितळेचे स्क्रू वापरतात. पण आपल्या काही जुन्या पोथ्यांच्या काळ्या शाईत हीच करामत असायची: हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकसातलं लोह. ज्या शाईने इतकं लिहून ठेवलं ती लाकडाच्या आतच उमटत असेल तर तिला डाग का म्हणायचं, असं वाटून मी एका बाभळीच्या फळीवर लोखंडी खिळ्यांची ओळ ठोकली आणि ती सगळा श्रावण पागोळीखाली ठेवली. काळा रंग रेषांच्या दिशेने वर-खाली ओघळत गेला. मग खिळे काढले, फळी वाळू दिली आणि जवसाचं तेल दिलं. अशा फळ्यांची एक मालिकाच पुढे झाली. (तेल लावलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत, हे नव्याने काम करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते. जवसाचं तेल वाळताना तापतं, आणि फडकी आपोआप पेटतात.)

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि घाट चढून मावळात घुसलं. इथे गुलाबाची पॉलिहाऊस खूप आहेत. व्हॅलेंटाइन डेसाठी मावळचा गुलाब परदेशात जातो. त्या वर्षी मार्चपासूनच टाळेबंदीमुळे फुलांचा बाजार बसलेला, त्यात हे वादळ. प्लास्टिकचा कागद फाटून झाडांवर अडकला आणि खालचे गॅल्व्हनाइज्ड पाइप पिळवटून निघाले. काही दिवसांनी एक शेतकरी माझ्याकडे आले. “भंगारवाला किलोनं मागतोय ताई. तुम्हाला काही होईल का बघा.” त्यांच्या शेतावर गेले तर बांधावरचं मोठं जांभळाचं झाड मुळासकट आडवं झालेलं होतं आणि त्याच्या फांद्यांखाली पाइपांचा गुंता.

मशिनने पाइप वाकवला तर त्याला सारखी गोलाई येते. वाऱ्याने वाकवलेल्या पाइपला तशी येत नाही. कुठे तो नुसता कलतो, कुठे चेपून मोडतो, कुठे स्वतःभोवती वळतो. कितीही कौशल्य असलं तरी तो आकार हाताने काढता आला नसता. मी पाइप आणि झाड दोन्ही त्या दिवशीच्या भंगाराच्या भावाहून बऱ्या भावाने घेतलं. झाड पडलेलं असलं तरी हलवण्याआधी परवानगी लागते, तीही काढली. मग सुरू झाला वाट बघण्याचा काळ. जांभूळ वाळताना पिळतं, आणि ओंडक्याची टोकं लवकर सुकून भेगा पडतात, म्हणून टोकांना मेण फासून ते दोन पावसाळे तसंच ठेवलं. दरम्यान पाइपांचं काम चाललं. गॅल्व्हनाइज्ड पाइपवर जस्ताचा मुलामा असतो. तो न काढता वेल्डिंग केलं तर पांढरा धूर निघतो आणि त्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. त्यामुळे प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंनी मुलामा घासून काढायचा, पंखा पाठीमागून लावायचा, तोंडावर चांगला मास्क. माझ्याबरोबर वेल्डिंग करणारा मुलगा दिवसा तळेगावच्या कारखान्यात काम करायचा. त्याच्या हातचा वेल्ड इतका सारखा असतो, की ग्राइंडरने तो सपाट करायला माझा जीव होत नाही.

वाऱ्याने जे वाकवलं ते मी सरळ केलं नाही, एवढाच एक नियम ठेवला होता. शेवटी पाइपांची एक उभी जाळी झाली आणि तिच्या आत जांभळाचा ओंडका, तीन ठिकाणी टेकलेला, कुठेही जखडलेला नाही. पुण्यातल्या प्रदर्शनानंतर ते काम मी त्या शेतकऱ्यांना दिलं. आता ते त्यांच्याच बांधावर, नव्याने उभारलेल्या पॉलिहाऊसच्या शेजारी आहे. जाणारे-येणारे थांबून विचारतात, हा कुणाचा पुतळा?

“तीन जूनचा,” ते सांगतात.

‘कुणाचा पुतळा?’ हा प्रश्न मला सगळीकडे भेटतो आणि मला तो रास्त वाटतो. उभं केलेलं शिल्प म्हणजे कुणा थोराची आठवण, ही आपल्या समाजाची समजूत काही वाईट नाही. पण याच महाराष्ट्रात वेगळी वाट काढणारे होऊन गेले आणि त्यांची नावं मुंबईच्या कलादालनांपलीकडे फारशी पोचली नाहीत, याची खंत वाटते. आदी दाविएरवाला (1922–1975) औषधशास्त्र शिकलेले. शिल्पकला शिकले ते नारायण गणेश पानसरे यांच्याकडे. आधी लाकूड, मग धातू, आणि दोन्हींत त्यांना आकारापेक्षा ताण आणि तोल यांचं आकर्षण. पिलू पोचखानवाला (1923–1986) यांनी भंगारातलं लोखंड जोडून शिल्पं केली, त्या काळात, जेव्हा बाईने वेल्डिंगचा मुखवटा चढवणं हीच बातमी होती. हाजी अलीच्या चौकात त्यांचं ‘स्पार्क’ उभं होतं. आता तिथे नाही. सार्वजनिक जागेत लावलेलं अमूर्त शिल्प हलवताना कुणाच्या भावना दुखावत नाहीत, म्हणून ते सहज हलवलं जातं.

माझं पोट अशा शिल्पांवर चालत नाही. ते चालतं लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांवर. गेट, जिन्याचे कठडे, बागेतला बुद्धाचा चेहरा, संस्थांच्या ट्रॉफ्या. ही कामं मी मन लावून करते, आणि गेटचा सांधाही शिल्पाच्या सांध्यासारखाच करते. पण बंगल्यांतल्या लाकडाची मला काळजी वाटते. जूनमध्ये घर बंद होतं, आत बुरशी धरते, आणि मग एखाद्या शनिवारी अचानक दिवसभर एसी. दोन महिन्यांत प्यालेलं पाणी लाकडाने दोन दिवसांत सोडायचं, असं आपण त्याला सांगतो. बंगलेवाल्यांना मी लिहून देते: पावसाळ्यातही खिडकी थोडी उघडी ठेवा. हल्ली रेल्वेच्या जुन्या स्लीपरांच्या लाकडाचीही मागणी फार आहे. ते लाकूड सुंदर असतं, खिळ्यांच्या भोकांभोवती तोच काळा डाग असतो. पण त्यात खडी रुतलेली असते, जी करवतीचे दात घालवते, आणि बऱ्याच स्लीपरांना डांबरी तेल पाजलेलं असतं. ते लाकूड जेवणाच्या टेबलाला वापरू नये आणि त्याचे तुकडे चुलीत घालू नयेत. हे ऐकून गिऱ्हाईक कधी कधी दुसरीकडे जातं.

कार्ल्याच्या लेण्यात मी पुन्हा पुन्हा जाते. आमच्या धंद्यासाठी त्याहून मोठी शाळा जवळपास नाही. चैत्यगृहाच्या सुमारे 14 मीटर उंच छताखाली सागाच्या कमानदार फासळ्या आहेत, आणि स्तूपावर लाकडाची छत्री. दोन हजार वर्षांचं लाकूड, आणि तेही अशा पावसाच्या मुलखात. त्या फासळ्यांवर छताचा भार नाही. दगड स्वतःला धरून उभा आहे. उन्हाचा चटका नाही, पावसाचं पाणी नाही, हवा मात्र हवी तेवढी. जवळच भाज्याला चैत्याचा दर्शनी भाग लाकडाचा होता, तो पार गेला. दगडात त्याची भोकं तेवढी राहिली. आत राहिलेलं वाचलं, पावसात उभं राहिलेलं गेलं. उघड्यावर ठेवायच्या कामात लाकूड कुठे घालायचं आणि कुठे घालायचं नाही, हे ठरवताना मला ती भोकं आठवतात.

एकदा मामांना घेऊन गेले. एकवीरेला ते दरसाल चढून यायचे, पण मागच्या लेण्यात छताकडे बघितल्याचं त्यांना आठवत नव्हतं. मान वर करून बराच वेळ बघत राहिले. “साग हाय,” म्हणाले. “पानी लागत न्हाई, म्हनून ऱ्हायलाय.” मग मी त्यांना तिथल्या ब्राह्मी लेखांबद्दल सांगितलं. खांबांवर दान देणाऱ्यांची नावं आहेत, त्यांत यवनही आहेत. चैत्यगृह पुरं करवणारा वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी आहे. आणि दाराच्या कामाशी एका सुताराचं नाव आहे: धेनुकाकटचा सामी, वेणुवासाचा मुलगा.

मामा दाराशी गेले. चौकटीवर हात फिरवला. “पन हे तर दगडाचं हाय.”

मी म्हटलं, हो. दगडातलं दार सुताराने केलं.

ते काही बोलले नाहीत. दोन्ही बाजू बघून आले, उंबऱ्यापाशी उकिडवे बसले, वरच्या कोपऱ्याकडे बोट करून मला दाखवलं की लाकडाच्या चौकटीत जिथे सांधा आला असता तिथे याने दगडात काय केलं आहे. खाली उतरताना विचारलं, “त्याचं नाव कुनी लिवायला लावलं आसंल? त्यानं, का पैशेवाल्यानं?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

त्यानंतरच्या कामांवर मी एकटीचं नाव घालणं बंद केलं. पायाशी पितळेची एक पट्टी असते. तिच्यावर लोहारदादांचं नाव ठशांनी ठोकलेलं, वेल्डिंगवाल्या मुलाचं त्याच्याच हातच्या वेल्डने लिहिलेलं, ते मात्र खालच्या लोखंडी पायावर, कारण पितळेवर त्याची कांडी चालत नाही. मामा सही करत नाहीत. कुसू आणि भोक एकमेकांशी जुळवताना दोन्ही लाकडांवर ते पटाशीने जी तिरकी दुहेरी खूण करतात, तीच मी पट्टीवर कोरते. विक्रीतून सामानाचा खर्च वजा जाता उरलेल्या पैशांचे वाटे आधीच ठरलेले असतात. कलादालनांना सुरुवातीला हे अडचणीचं वाटलं. शिल्पावर एकच सही असावी, घेणाऱ्याला ती लागते, असं मला समजावण्यात आलं. काहींनी पुढे मानलं, काहींनी माझं काम ठेवणं थांबवलं.

गेल्या हिवाळ्यात एका संग्राहकांनी एक मोठं काम पसंत केलं. ऐनाचा ओंडका, पोलादाच्या दोन कमानी, मधे फट. पैशांचं ठरलं. मग त्यांनी सुचवलं की ती पट्टी काढून टाकावी आणि नुसतं माझं नाव ठेवावं. मी टेम्पो बोलावून काम परत आणलं. ते शेडमध्ये दाराजवळ ठेवलं आहे. विकायचं आहे, पट्टीसकट.